आयसीयूच्या फॉर्मवर 'फिजिकल रिस्ट्रेंट' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय, आणि हात बांधणं कितपत बरोबर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडील ७४ वर्षांचे, न्यूमोनिया झाला म्हणून आयसीयूत, तोंडावर बायपॅपचा मास्क (मशीनने हवा आत ढकलणारा), नाकात राईल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी), मानेत सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली औषधांची नळी). ॲडमिशनच्या गडबडीत ज्या ढीगभर कागदांवर सह्या घेतल्या त्यात एका ठिकाणी 'फिजिकल रिस्ट्रेंट'ला संमती होती, तुम्ही मोबाईलवर अर्थ बघितला तर संयम, आवर, निग्रह असं काहीतरी आलं आणि तुम्ही सही केलीत. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलात तर बाबांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधलेले आणि ते तुमच्याकडे बघून रडत होते. ह्या शब्दाचा खरा अर्थ काय, असं करायची परवानगी असते का, आणि सही मागे घेता येते का, हे तुम्ही विचारलंय. मी आयसीयूत सिस्टर आहे, बरीच वर्षं ह्याच कामात गेली, आता नवीन स्टाफला शिकवायचं कामही माझ्याकडे असतं आणि त्यात हा विषय मी दरवेळी घेतेच, कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. म्हणून जरा लांब लिहितेय.

शब्दाचं आधी. डिक्शनरी चुकीची नाहीये. रिस्ट्रेंट म्हणजे आवर घालणं, आणि तो माणूस स्वतःला घालतो तेव्हा आपण संयम म्हणतो, म्हणजे कोणी खूप चिडलेला असून शांतपणे बोलला तर इंग्रजी पेपरात लिहितील की त्याने रिस्ट्रेंट दाखवला. पण तोच आवर दुसऱ्याने घातला की अर्थ होतो अडवणं, धरून ठेवणं, बांधणं. कायद्यात 'राँगफुल रिस्ट्रेंट' आहे, एखाद्याला जिथून जायचा हक्क आहे तिथून त्याला बेकायदा अडवणं, पूर्वी आयपीसीची ३३९ आणि ३४१ ही कलमं होती, आता भारतीय न्याय संहितेत १२६ आहे. गाडीत एअरबॅगपाशी एसआरएस अशी अक्षरं असतात त्यातला आर पण हाच, धडक बसली की माणसाला धरून ठेवणारी सोय. हॉस्पिटलच्या कागदावर मात्र हा शब्द दिसला की एकच अर्थ घ्यायचा: पेशंटला मोकळेपणाने हलता येऊ नये म्हणून आम्ही काहीतरी केलंय किंवा करू, आणि ते त्याला स्वतःला सहज सोडवता येणार नाही.

ह्यात फक्त मनगटाची पट्टीच येते असं नाही. बोटांनी काही पकडता येऊ नये म्हणून जाड मोज्यासारखं मिटन घालून ते बांधलं तर ते रिस्ट्रेंट. चादर दोन्ही बाजूंनी गादीखाली इतकी घट्ट खोचली की माणूस कुशीवर वळू शकत नाही, तेही रिस्ट्रेंट. माणसाने उतरूच नये म्हणून पलंगाचे चारही कठडे वर केले तर तेही. उलट सलाईनची सुई हलू नये म्हणून हाताखाली लावलेली पट्टी, ऑपरेशन टेबलवरचा बेल्ट, फ्रॅक्चरचं प्लास्टर हे त्यात धरत नाहीत, कारण ते त्या त्या उपचाराचाच भाग आहेत. आणि फक्त शांत पडून राहावं म्हणून, दुसरं काहीही कारण नसताना झोपेचं इंजेक्शन दिलं तर त्याला केमिकल रिस्ट्रेंट म्हणतात, ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून नातेवाईकांना कळतही नाही.

वॉर्डात आम्ही हा मोठा शब्द फारसा बोलत नाही. हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, 'बेड चार टाय केलाय' एवढंच म्हणतात. मी नवीन मुलामुलींना सांगते की नुसतं 'टाय केलाय' हे हँडओव्हर होत नाही, कधीपासून, कशासाठी, कोणी ऑर्डर दिली, शेवटचं कधी सोडून बघितलं हे सांगितलंच पाहिजे. कारण सकाळच्या शिफ्टने बांधलेले हात दुपारच्या शिफ्टला बांधलेलेच दिसतात, रात्रीच्या शिफ्टला तर वाटतं की हा पेशंट असाच असतो, आणि मग कोणी सोडून बघतच नाही. कारण केव्हाच संपलेलं असतं पण पट्टी तशीच.

आता का बांधतात ते. तुमच्या बाबांचं मी बघितलेलं नाही, पण तुम्ही लिहिलंय की दिवसा ओळखत होते आणि रात्री 'मला इथे कोंडून ठेवलंय, स्टँडवर सोडा' असं म्हणत मास्क ओढत होते. हे बऱ्याच अंशी डेलिरियमसारखं आहे. आपल्याकडे जुनी माणसं 'वात झालाय' म्हणायची तेच. अचानक सुरू होतं, दिवसात कमीजास्त होतं, संध्याकाळनंतर वाढतं, लक्ष एका जागी राहत नाही. हे वेड नव्हे आणि बाबा मुद्दाम त्रासही देत नाहीयेत. शरीर आजारी पडलं की मेंदूचं काम बिघडतं, आणि म्हातारपणी, ऐकू कमी येत असेल, थोडा विसरभोळेपणा आधीपासून असेल तर लवकर बिघडतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये तर निम्म्याहून जास्त जणांना हे होतं. ह्यातले पुष्कळ जण हातवारे न करता गप्प पडून राहतात, त्यांना आपण 'आज शांत आहेत' म्हणतो आणि त्यांचं डेलिरियम तसंच राहून जातं.

हे ओळखायची सोपी तपासणी असते आणि ती कुठलीही शिकलेली सिस्टर दोनेक मिनिटांत करते, कॅम-आयसीयू म्हणतात तिला. पेशंटचा हात हातात घ्यायचा, दहा इंग्रजी अक्षरं सावकाश म्हणायची आणि सांगायचं की 'ए' ऐकलं की माझा हात दाबा. डेलिरियममधला माणूस भलत्याच अक्षराला दाबतो नाहीतर दाबायचं विसरतो. इंग्रजी अक्षरं न येणाऱ्या आजोबांना ते अर्थातच मराठीत करून विचारावं लागतं. मग साधे प्रश्न असतात, दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का, एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का, हातोडीने खिळा ठोकता येतो का. एरवी दुकानाचा अख्खा हिशोब तोंडावर करणारा माणूस 'हो, तरंगतो' म्हणून मान हलवतो. ही तपासणी तुमच्या बाबांची झालीय का आणि काय आलं, एवढं सिस्टरना जरूर विचारा. हे विचारणारा नातेवाईक फार कमी भेटतो, आणि मला तरी त्याचा कधी राग आला नाही.

कारण खरी गोष्ट इथून पुढे आहे. हात बांधणं हा डेलिरियमचा इलाज नाही. तो नळ्या वाचवायचा तात्पुरता उपाय आहे, आणि तो चालू असताना कोणीतरी अस्वस्थपणाचं कारण शोधत असलं पाहिजे. कारण बहुतेक वेळा सापडतं. ऑक्सिजन कमी झालाय, कार्बन डायऑक्साईड वाढलाय, शुगर उतरलीय, म्हाताऱ्या माणसांत तर सोडियम कमी झालं की हमखास असं होतं. दुखतंय पण सांगता येत नाही. चार दिवस पोट साफ नाही. एका आजोबांचं सांगते, संध्याकाळपासून पाय झाडत होते, कंबर वर उचलत होते, सगळ्यांना शिव्या देत होते, दोन्ही हात बांधले, झोपेचं औषधही थोडं दिलं, काही फरक नाही. रात्रीच्या सिस्टरने चादर बाजूला करून ओटीपोटावर हात ठेवला तर पोट टम्म फुगलेलं, युरीन बॅगेत तीन तासांत काहीच नाही. कॅथेटरमध्ये, म्हणजे लघवीच्या नळीत, रक्ताची गाठ अडकली होती. तो फ्लश केल्यावर बॅग भरायला लागली आणि आजोबा पंधरा-वीस मिनिटांत झोपले, हात सोडले तरी झोपलेलेच. त्यांना काय होत होतं ते ते सांगतच होते, फक्त शब्दांत सांगता येत नव्हतं. तेव्हापासून कोणी 'पेशंट इरिटेबल झालाय, टाय करू का' विचारलं की मी आधी युरीन बॅग बघायला लावते.

आणखी एक कारण आहे जे फक्त तुम्हीच सांगू शकता. बाबा रोज दारू घेत असतील, अगदी रात्रीचे दोन पेग का असेना, तर ते डॉक्टरांना आजच सांगा. शेवटची दारू घेतल्यापासून साधारण दोन ते चार दिवसांत अंगाला कंप, घाम, भास, भिंतीवर मुंग्या दिसणं असं सुरू होऊ शकतं आणि ते जीवावर बेतू शकतं, त्याची औषधंही वेगळी असतात. घरचे लोक लाजेने 'नाही हो, कधीच नाही' म्हणतात आणि आमचे दोन दिवस वाया जातात. तंबाखू, मिश्री, विडीचंही सांगा, एकदम बंद झाली की माणूस बेचैन होतो. रोजची झोपेची गोळी असेल तर तिचं नावसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल की बांधल्याने निदान नळ्या तरी वाचतात ना. आम्हालाही कॉलेजात हेच वाटायचं. पण ज्या ज्या ठिकाणी नीट मोजून बघितलंय तिथे चित्र तेवढं सरळ नाहीये. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांच्या सोसायटीने २०१८ साली ज्या गाईडलाईन्स काढल्या त्यात स्पष्ट लिहिलंय की बांधण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि बऱ्याच निरीक्षणांत बांधलेल्या पेशंटनीच श्वासाची नळी स्वतःहून ओढून काढायचं प्रमाण जास्त दिसलंय. ह्यात जास्त बेचैन असतात त्यांनाच बांधतात हाही भाग आहे, त्यामुळे बांधल्यामुळेच ओढली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण बांधलं म्हणजे सुरक्षित झालं हा समज मात्र टिकत नाही. आणि आम्ही रोज बघतो तेही तेच आहे, ज्याला कळत नाही की आपल्याला का बांधलंय तो अख्खी ताकद लावून पट्टीशीच झगडतो, मान खाली वाकवून तोंड हाताकडे नेतो आणि नळी काढतोच. ब्रिटनमधल्या बहुतेक आयसीयूंमध्ये हात बांधणं अगदी क्वचित दिसतं आणि तिथेही माणसं बरी होऊन घरी जातात. तिथे व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक नर्स असते. आपल्याकडे कित्येक ठिकाणी एका सिस्टरकडे दोन, तीन, रात्री कधी त्याहून जास्त. ती एका बेडला सक्शन करत (घशातला कफ नळीने ओढून काढत) असताना दुसऱ्या बेडचा हात मास्ककडे गेला तर ती पोचणार कशी? हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. तुमचे बाबा बांधले गेले त्यामागे सिस्टरचा निर्दयपणा असेलच असं नाही, एवढंच सांगायचंय, आणि तुम्ही तक्रार करणार असाल तर ती त्या मुलीची न करता त्या शिफ्टला माणसं किती होती त्याची करा.

परवानगीचं बोलू. आपल्याकडे ह्यावर सगळ्यात स्पष्ट कायदा आहे तो मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्याच्या मागे एक फार वाईट घटना आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत रामनाथपुरमजवळच्या एरवाडीत एका आश्रयगृहाला पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण गेले, त्यातले बरेच साखळीने बांधलेले होते म्हणून पळू शकले नाहीत. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या कायद्याच्या ९५ व्या कलमात साखळदंडावर पूर्ण बंदी आहे, कुठल्याही स्वरूपात नाही. आणि ९७ वं कलम खास रिस्ट्रेंटवर आहे, ते मी स्टाफला वाचून दाखवते. तात्काळ इजा होण्याचा धोका आहे आणि ती टाळायला दुसरा मार्गच नाही तेव्हाच बांधायचं, उपचार करणाऱ्या मानसोपचार तज्ज्ञाची परवानगी पाहिजे, गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही, कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ, हे लगेच केसपेपरवर लिहायचं, पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं, दर महिन्याला अशा सगळ्या केसेस मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायच्या. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि एक वाक्य असं आहे की ते प्रत्येक आयसीयूच्या भिंतीवर लावावं असं मला मनापासून वाटतं, की निव्वळ स्टाफ कमी आहे ह्या कारणासाठी रिस्ट्रेंट वापरता येणार नाही.

हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, तुमच्या बाबांच्या आयसीयूला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या हॉस्पिटलला रिस्ट्रेंटची लेखी पॉलिसी ठेवावी लागते आणि ती तुम्ही मागू शकता. चांगल्या ठिकाणी पद्धत अशी असते की डॉक्टरांची लेखी ऑर्डर, त्यात कारण आणि वेळ, ती ठराविक तासांनी संपते आणि पुन्हा पेशंट बघूनच नवीन ऑर्डर. 'गरज पडल्यास बांधा' अशी आधीच लिहून ठेवलेली ऑर्डर चालत नाही, अमेरिकेत तर तशी ऑर्डर द्यायला सरकारी नियमानेच मनाई आहे. त्यामुळे ॲडमिशनच्या गठ्ठ्यातली ती एक सही म्हणजे पुढच्या सगळ्या दिवसांची परवानगी, असं मी तरी मानत नाही. खरी संमती म्हणजे बांधायच्या वेळी किंवा इमर्जन्सी असेल तर बांधल्यावर लगेच फोन करून तुम्हाला सांगणं, की काका मास्क ओढतायत, ऑक्सिजन खाली येतोय, आत्ता बांधलंय, अमुक वाजता सोडून बघू.

आता तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते ते सांगते. बायपॅप. हा मास्क घट्ट बसवलेला असतो आणि मशीन हवा जोरात आत ढकलते. पेशंटला उलटी झाली आणि हात बांधलेले असले तर तो मास्क काढू शकत नाही, उलटी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून बायपॅपवर असलेल्या माणसाचे हात बांधायचे असतील तर नजर सतत त्याच्यावर पाहिजे, डोक्याकडचा भाग वर उचललेला पाहिजे, राईल्स ट्यूबने पोट रिकामं ठेवता येतं का बघायला पाहिजे. तुम्ही गेलात की आधी हे बघा: त्यांचा बेड सिस्टरच्या टेबलावरून दिसतो का? पडदा ओढलेला नाही ना? दिसत नसेल तर बेड बदलून द्या म्हणून सांगा, ही मागणी अगदी रास्त आहे.

मग हात बघा. पट्टीखाली कापूस किंवा मऊ पॅड पाहिजे, नुसतं रोलर बँडेज गुंडाळलं तर ते ओढून ओढून दोरीसारखं होतं आणि कातडीत रुततं. पट्टी आणि मनगट ह्यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बोटांची टोकं गुलाबी आणि गरम पाहिजेत, एका नखावर दाबून सोडलं की पांढरेपणा दोन-तीन सेकंदांत जाऊन लाली परत आली पाहिजे. हात सुजलेला, निळसर, थंड असेल तर तिथेच सिस्टरना हाक मारा, भेटीची वेळ संपायची वाट बघू नका. गाठ कुठे बांधलीय तेही बघा, ती पलंगाच्या फ्रेमला पाहिजे, जो भाग डोक्याकडून वरखाली होतो त्याच्याबरोबर हलणाऱ्या फ्रेमला, कठड्याला कधीच नाही, कारण कठडा खाली केला की हात हिसकला जातो. आणि गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, बुटाच्या नाडीसारखी. पेशंटला फिट आली किंवा हार्ट बंद पडलं तर कात्री शोधत बसायला वेळ नसतो. साधारण दर दोन तासांनी एकेक हात सोडून, हलवून, कुशी बदलून परत बघायचं असतं की आता गरज आहे का. डायलिसिसवाल्यांसाठी मुद्दाम सांगते, ज्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली शीर) आहे तो हात बांधायचाच नाही, फिस्टुला बंद पडू शकतो. लकवा मारलेला हात बांधण्यातही काही अर्थ नसतो, तरी सवयीने दोन्ही बांधलेले मी पाहिलेत.

तुम्ही काय करू शकता? पुष्कळ. बाबांचा चष्मा आणि कानाचं मशीन आजच घेऊन जा. हे आम्ही नातेवाईकांना परत देऊन टाकतो, हरवायला नको म्हणून, आणि मग माणूस आंधळ्या-बहिऱ्यासारखा त्या मशीनच्या आवाजात पडून राहतो. कवळी मास्क असताना घालायची की नाही ते विचारून घ्या. सिस्टरना सांगा की मी इथे बसलोय तोवर त्यांचे हात सोडा, मी धरून बसतो. बहुतेक जणी हो म्हणतील, आम्हालाही तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळतो. मात्र न सांगता स्वतः सोडू नका, आणि सोडवलेत तर निघताना सिस्टरला सांगितल्याशिवाय बेड सोडू नका. भेटीची वेळ दहा मिनिटं असेल तर डॉक्टरांकडे संध्याकाळचा जास्त वेळ मागा, कारण संध्याकाळच वाईट असते. बोलताना आज वार कोणता, किती वाजले, तुम्ही हॉस्पिटलात आहात, न्यूमोनिया झालाय, मास्कमुळे श्वास सोपा होतोय, हे सावकाश, पुन्हा पुन्हा सांगा. त्यांना भलतंच काही दिसत असेल तर वाद घालू नका आणि हो ला हो पण करू नका, 'तुम्हाला दिसतंय खरं, मला नाही दिसत, पण मी इथेच आहे' एवढं पुरतं.

भाषेचंही बघा. आमच्याकडे केरळच्या कितीतरी मुली आहेत, कामाला अतिशय चोख, पण मराठी त्यांना शिकता शिकता येतं आणि तुमचे बाबा गावाकडचं बोलत असतील तर दोघांनाही एकमेकांचं कळत नाही. 'लघवीला लागलीय', 'दुखतंय', 'तहान लागलीय', 'कूस बदला' असे शब्द मोठ्या अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहून आणि शेजारी हिंदीत लिहून बेडपाशी ठेवा. घरातल्या कोणाचा तरी आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून द्या, रात्री बेचैन झाले की वॉर्डातले मामा किंवा मावशी लावून देतील. एका बाईंच्या नातीने म्हटलेली शुभंकरोती आम्ही रोज सातला लावायचो, त्या वेळी तरी त्यांचे हात सोडता यायचे.

डॉक्टरांना राउंडच्या वेळी एकच प्रश्न रोज विचारा, आज कुठली नळी काढता येईल? नळी नसेल तर ओढणार काय. युरीनचा कॅथेटर, सेंट्रल लाईन, राईल्स ट्यूब, प्रत्येकीची गरज रोज तपासायची असते आणि नातेवाईकाने विचारलं की ती जरा लवकर तपासली जाते. झोपेच्या इंजेक्शनचंही विचारा, कुठलं देताय आणि कशासाठी. मिडाझोलम, लोराझेपाम ह्या गटातली औषधं दारूच्या प्रकरणात लागतातच, पण एरवी म्हाताऱ्यांमध्ये डेलिरियम वाढवूही शकतात, आणि बायपॅपवर असताना श्वास मंद करू शकतात. म्हणून हात सोडा असा आग्रह धरताना 'मग झोपवून ठेवू' असं उत्तर आलं तर तिथे थांबून नीट समजून घ्या, दिसायला ते सौम्य वाटतं पण बांधण्यापेक्षा चांगलंच असतं असं नाही.

घरी आल्यावर बाबा काय बोलतात त्याकडे लक्ष ठेवा. बरेच जण म्हणतात मला पोलिसांनी धरलं होतं, मला पळवून नेलं होतं, माझ्या मुलाने मला विकलं. हे त्यांना खरंच आठवत असतं, कारण बांधलेले हात खरे होते, बाकीची गोष्ट मेंदूने त्याभोवती रचलेली असते. 'छे, असं काही नव्हतंच' म्हणून उडवून लावू नका. हात बांधले होते हे खरं, का बांधले होते ते असं, आणि मी रोज येत होतो, हे सांगा. ह्यासाठी आत्तापासून एका वहीत रोजच्या चार ओळी लिहून ठेवा, आज मास्क काढला, आज पेज घेतली, आज तुम्ही मला नावाने हाक मारली. युरोपात कितीतरी आयसीयूंमध्ये स्टाफच अशी डायरी ठेवतो. झोप उडाली, सारखे दचकतायत, डॉक्टरकडे जायचं नाव काढलं तरी घाबरतायत, असं महिनाभर राहिलं तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. आणि मनगट खाली पडतंय, बोटांना मुंग्या येतायत, पकड गेलीय असं वाटलं तर डिस्चार्जच्या आधीच सांगा, पट्टीने नस दबलेली असू शकते आणि फिजिओथेरपी जितकी लवकर सुरू तितकी बरी.

राहिला सहीचा प्रश्न. हो, मागे घेता येते. साध्या कागदावर पेशंटचं नाव, बेड नंबर, तारीख, वेळ लिहा आणि लिहा की फिजिकल रिस्ट्रेंटला दिलेली सर्वसाधारण संमती मी मागे घेत आहे, यापुढे प्रत्येक वेळी कारण आणि कालावधी सांगून मला विचारावं, इमर्जन्सी असल्यास बांधल्यावर लगेच फोन करावा. 'कधीच बांधू नका' असं मात्र लिहू नका, कारण रात्री तीन वाजता ऑक्सिजन ऐंशीवर आलेला असताना त्या सिस्टरला मास्क वाचवायला दहा मिनिटं हात धरावेच लागतील. कागदाच्या दोन प्रती करा, एक केसपेपरला लावायला सांगा, दुसरीवर ड्युटी डॉक्टरांची पोच घ्या. आणि तो कागद देताना शक्यतो आधी नर्सिंग इनचार्जशी बोला, त्यांना विचारा की रात्री बाबांजवळ घरचं एक माणूस बसू दिलं तर चालेल का. बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही म्हणतात, पण डेलिरियमचा पेशंट आहे म्हटल्यावर इनचार्ज सिस्टर ठरवतील तर खुर्चीची सोय होते.